पाच मायक्रॉनचं भोक आरपार पाडायचं तर

ठिबक बसवलेल्या माणसाला ‘मेश’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात कुठल्याही विहिरीवर जा. मोटारीपुढे सँड फिल्टर, त्याच्यापुढे स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर, आणि त्यावर बहुतेक वेळा १२० मेश असं लिहिलेलं. म्हणजे एका इंचात १२० तारा, आणि दोन तारांमधली मोकळी जागा साधारण १३० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. ड्रिपरच्या आतली पाण्याची वाट या १३० मायक्रॉनच्या कितीतरी पट रुंद असते. तरीही जाळी एवढी बारीक ठेवतात, कारण वाट बुजायला तिच्याएवढा मोठा खडा लागत नाही. तीन-चार बारीक कण तोंडाशी एकदम आले की एकमेकांना टेकून कमान धरतात आणि ड्रिपर बसतो. या कमानीशी पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

आता हीच जाळी १३० ऐवजी ५ मायक्रॉनची हवी असेल तर? मागणारे बरेच आहेत. माणसाची तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची, पांढऱ्या पेशी बहुतेक त्याहून मोठ्या, जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे. पेशी आकाराप्रमाणे वेगळ्या करायच्या, द्रवातले ठरावीक आकाराचे कण तेवढे अडवायचे, किंवा एका पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन जातींच्या पेशी वाढवून त्या एकमेकींशी कशा वागतात ते पाहायचं, या सगळ्याला एकसारख्या भोकांचा पडदा लागतो. तार विणून तो होत नाही. साध्या विणीची स्टीलची जाळी २० मायक्रॉनच्या आसपास हात टेकते. त्याखाली तार इतकी बारीक लागते की ती विणताना तुटते.

मग प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्येच भोकं पाडायची. हिशेब करून पाहा: ५ मायक्रॉनची भोकं, दोन भोकांच्या मध्यांत १० मायक्रॉनचं अंतर. एका चौरस मिलिमीटरमध्ये दहा हजार भोकं बसतात, नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाख. एवढं करूनही पडद्याचा जेमतेम वीस टक्के भाग उघडा होतो. लेसरने एकेक भोक पाडत बसलं तर मशीनही दमेल आणि पैसे देणाराही.

भोकं पाडायच्या जुन्या रीती आहेत आणि त्या चांगल्या चालतात, त्यामुळे नव्याचं कौतुक करण्याआधी त्यांची ओळख करून घेऊ. पहिली रीत म्हणजे पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकचा मूळ पदार्थ, एखाद्या द्रावकात विरघळवायचा, काचेवर पातळ थर ओढायचा आणि काच पाण्यात बुडवायची. द्रावक पाण्यात निघून जातो, पाणी थरात शिरतं, पॉलिमर साकळतो आणि स्पंजासारखा पडदा तयार होतो. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी याच मार्गाने सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा बनवला आणि समुद्राचं पाणी गोडं करण्याचा धंदा व्यवहारात आला. पण स्पंजातली भोकं लहानमोठी, वाकडीतिकडी असतात. सरासरी सांगता येते, प्रत्येक भोकाची हमी देता येत नाही.

दुसरी रीत भन्नाट आहे. पॉलिकार्बोनेटच्या फिल्ममधून जड आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, गोळीसारखे आरपार सोडायचे; ज्या वाटेने ते जातात तिथलं प्लॅस्टिक दुखावतं. मग फिल्म कॉस्टिक सोड्यात धरली की त्या वाटा आधी कोरल्या जातात. भोकं गोल आणि एका मापाची येतात. अडचण एवढीच की आयन कुठे पडेल ते कुणाच्या हातात नाही. दोन शेजारी-शेजारी पडले तर जोडभोक होतं, आणि जोडभोकातून नको तो कण निसटतो. म्हणून भोकांची दाटी मुद्दाम कमी ठेवतात, मग प्रवाहही कमी मिळतो.

एकसारखी भोकं, ठरवलेल्या जागी आणि दाट अशी तिन्ही एकत्र हवी असतील तर साच्याकडे यावं लागतं. आणि साचा म्हटलं की जळगावला परकं काही राहत नाही. इथे पीव्हीसी पाइप, ठिबकच्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या चटया यांच्यावर अख्खी एमआयडीसी उभी आहे. डाय-मोल्डचं काम करणाऱ्याला मूळ तत्त्व ठाऊक असतंच: खर्च एकदा साच्यावर करायचा, नंतर त्यातून हजार नग काढायचे. इथेही तेच आहे. साच्याच्या तळावर पाच मायक्रॉन जाडीचे लाखो खांब उभे करायचे. त्यांच्यामध्ये पातळ पॉलिमर ओतायचा, तो घट्ट होऊ द्यायचा आणि सोलून काढायचा. जिथे खांब होता तिथे भोक.

खांब उभे करायचं तंत्र इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्यांकडून उसनं घेतलेलं आहे. आरशासारख्या गुळगुळीत सिलिकॉनच्या चकतीवर एसयू-८ नावाचं प्रकाशाला प्रतिसाद देणारं राळेसारखं द्रव ओततात आणि चकती गरागरा फिरवतात, मिनिटाला काही हजार फेरे. द्रव कडेकडे फेकलं जातं आणि मागे एकसारखा थर उरतो, उदाहरणार्थ २० मायक्रॉनचा. थराची जाडी ठरते द्रव किती दाट आहे आणि चकती किती वेगाने फिरते यावर. हलकं शेकून घेतल्यावर त्यावर ठिपक्यांचा नकाशा असलेली काच ठेवून अतिनील प्रकाश टाकतात. प्रकाश लागला तिथे राळ पक्की होते, बाकीची रसायनाने धुऊन जाते. उरतात ते खांब. ही खोली पिवळ्या दिव्यांची असते, कारण साध्या पांढऱ्या उजेडातला निळा-जांभळा भागही राळ पक्की करू लागतो.

आणि खोलीत धूळ नको. वैशाखात आपल्याकडे वारा सुटला की दुपारी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. त्यातला दहा मायक्रॉनचा एक कण खांबांमध्ये बसला की तिथला नकाशा बिघडला, आणि बिघडलेल्या साच्यातून निघणारा प्रत्येक पडदा त्याच जागी बिघडलेला. मूळ साचा म्हणूनच महाग पडतो. तो जपून वापरण्याची एक युक्ती १९९० च्या दशकात हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने रूढ केली. मूळ साच्यावर पीडीएमएस नावाचं सिलिकोन रबर ओतून त्याचा रबरी ठसा घ्यायचा आणि पुढचं काम त्या ठशावर करायचं. पीडीएमएसचे दोन भाग येतात. दहा भाग मूळ द्रव, एक भाग घट्ट करणारं. ढवळायचं, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढायचे, सत्तर-ऐंशी अंशांवर तासाभरात रबर तयार. यातला ठसा उलटा येतो हे मात्र विसरायचं नाही. खांब हवे असतील तर मूळ साच्यात खड्डे लागतात.

खांब किती उंच असावेत? उंच असले तर ओतायला जागा मिळते. पण पाच मायक्रॉन जाडीचा रबरी खांब फार उंच केला तर तो डुलतो, शेजारच्याला टेकतो आणि चिकटून बसतो. ओला साचा सुकताना तर हमखास, कारण खांबांमधलं आटत जाणारं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढतं. सिलिकॉनचा खांब वाकत नाही, मोडतो. जाडीच्या तीन-चार पट उंची म्हणजे समंजस सौदा.

इथपर्यंत सगळं पुस्तकात छान दिसतं. खरं दुखणं ओतल्यावर सुरू होतं.

खांब २० मायक्रॉन उंच आहेत आणि आपण पॉलिमर १५ मायक्रॉनच भरला, म्हणजे खांबांची डोकी वर उघडी राहायला हवीत. राहत नाहीत. द्रव खांबाला चिकटून वर चढतो, डोक्यावर पातळ साय धरतो आणि तशीच साय घट्ट होते. पडदा सोलून काढला की वरून सुंदर जाळी दिसते, पण प्रत्येक भोकाच्या तळाला अर्ध्या-एक मायक्रॉनची झिल्ली. पाणी ओता, थेंबही उतरत नाही. एमआयडीसीतल्या एका डाय बनवणाऱ्या कारागिराला हे मी बरंच लांबण लावून सांगत होतो. त्याने मध्येच तोडलं, “फ्लॅश येते म्हणा ना सरळ, भाऊ.” बरोबर आहे. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत की फटीत जे जास्तीचं प्लॅस्टिक येतं, तेच हे. फरक असा की बादलीची फ्लॅश सुरीने कापता येते, इथे कापायला दहा लाख जागा आहेत.

उपाय तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची काही ना काही किंमत आहे. द्रव ओला असतानाच वरून सपाट रबरी पाटी दाबायची, म्हणजे खांबांची डोकी पाटीला भिडतात आणि मधला द्रव बाजूला सरकतो. दाब सगळीकडे सारखा पडला तर हे उत्तम. कुठे एका कोपऱ्यात कमी पडला तर तिथली भोकं बंद. दुसरा उपाय, हवेचा किंवा नायट्रोजनचा झोत मारून डोक्यांवरची साय उडवायची. तिसरा, घट्ट झाल्यावर प्लाझ्माने (रक्तातला नव्हे, विजेने चेतवलेला वायू) वरचा थर खरवडायचा. बहुतेक प्लॅस्टिकना ऑक्सिजनचा प्लाझ्मा पुरतो, पीडीएमएससाठी फ्लोरिन असलेला वायू लागतो, कारण त्यातलं सिलिकॉन ऑक्सिजनने जळून जात नाही, उलट वर काचेसारखी पापुद्री धरते. मला विचाराल तर पाटी दाबण्याचा उपाय सगळ्यात शहाणपणाचा. भोक बंद झाल्यावर उघडण्यापेक्षा बंद होऊच न देणं केव्हाही स्वस्त.

एक वेगळी वाट नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ च्या सुमारास दाखवली, आणि या सगळ्या विषयातली मला तीच सर्वांत आवडते. त्यांनी वर सांगितलेली लोब-सौरीराजन यांची रीत आणि साचा एकत्र आणले. पॉलिमरचं द्रावण साच्यावर ओतायचं आणि साच्यासकट पाण्यात बुडवायचं. द्रावक निघून जातो तसा थर जाडीत आकसतो, बसत जातो आणि खांबांची डोकी आपसूक वर उघडी पडू शकतात. थर आडवाही थोडा आकसतो, त्यामुळे साच्याच्या भिंतींपासून सुटायला मदत होते. भट्टी लागत नाही, जोराचा दाब लागत नाही, आणि जो पॉलिमर कुठल्या ना कुठल्या द्रावकात विरघळतो तो चालतो. शिवाय पडद्यात दोन मापांची भोकं मिळतात: साच्याने दिलेली सरळ आरपार मोठी, आणि त्यांच्यामधल्या भिंतींत स्पंजाची अतिबारीक. हवी तर ही बारीक भोकं ठेवायची, नको तर द्रावणाची कृती बदलून भिंती भरीव करायच्या.

आकसणं मदतीचं आहे तसंच वैऱ्याचंही. खांब जागचे हलत नाहीत आणि थर मात्र आत ओढला जातो, मग ताण खांबाच्या बुडाशी जमतो. जास्त झाला की पडदा भोकाभोवती चिरतो. द्रावण किती दाट, पाण्यात किती वेळ, पाणी किती गार, यावर सगळं ठरतं. हवासुद्धा मध्ये तोंड घालते. पॉलिसल्फोनसारखा पॉलिमर ज्या एनएमपी नावाच्या द्रावकात विरघळवतात, तो हवेतला ओलावा शोषतो. बुडवायला दोन मिनिटं उशीर झाला तर साकळण्याची क्रिया हवेतच सुरू होते. मे महिन्यातली जळगावची कोरडी ठणठणीत हवा आणि श्रावणातली दमट हवा यांत तीच कृती, तेच माप, तरी पडद्याचा वरचा पृष्ठभाग वेगळा येणार. म्हणून खोलीतली आर्द्रता बांधून ठेवल्याशिवाय या कामात मापाची भाषा करण्यात अर्थ नाही. एनएमपी अंगावर घेण्याची वस्तू नाही, हेही सांगून ठेवतो. तो कातडीतून आत शिरतो आणि गर्भाला घातक आहे. हातमोजे आणि वारा ओढणारा हूड हवाच.

आता सोलणं. ओतण्याआधी साच्यावर फ्लोरिन असलेल्या सिलेनची वाफ दिलेली असते, म्हणजे प्लॅस्टिक त्याला घट्ट धरत नाही. आपल्या मोल्डिंगवाल्यांचा रिलीज एजंट तोच, फक्त इथे थर एका रेणूच्या जाडीचा. तरीही १५ मायक्रॉनचा, दहा लाख भोकांचा पडदा चिमट्याने उचलायचा म्हणजे हातावर पसरलेला मांडा न फाटता खापरावर टाकण्यातलं कसब. एका कोपऱ्याला चिमटा लावतात, तो जेमतेम उचलतात, फटीत अल्कोहोलचा थेंब सोडतात. थेंब आपोआप आत धावतो आणि जिथपर्यंत तो पोचला तिथपर्यंत पडदा सुटलेला असतो. रंग बदललेला डोळ्यांना दिसतो. मग तेवढाच भाग उचलायचा, पुन्हा थेंब. घाई केली की कोपरा चिमट्यात येतो आणि बाकीचा पडदा साच्यावर राहतो. वरून सरळ खेचलं तर खांबांना मिठी मारून बसलेली भोकं ताणली जातात, गोलाची लंबवर्तुळं होतात. पाण्यातून काढलेला स्पंजी पडदा तसाच वाळवायचाही नसतो. आटणारं पाणी बारीक भोकांच्या भिंती आत ओढून मिटवून टाकतं, म्हणून आधी अल्कोहोल आणि मग हेक्झेनसारखा कमी पृष्ठताणाचा द्रव यांतून काढून वाळवतात.

बनला पडदा. तो आरपार आहे का, आणि त्यात एखादं मोठं भोक शिरलंय का, हे कसं ओळखायचं? दहा लाख भोकं सूक्ष्मदर्शकाखाली कोण मोजणार? इथे बुडबुड्याची एक सुरेख चाचणी कामी येते. पडदा पूर्ण ओला करायचा आणि खालून हवेचा दाब हळूहळू वाढवायचा. भोकात अडकलेलं पाणी पृष्ठताणामुळे हवेला अडवून धरतं, आणि भोक जितकं बारीक तितकं जास्त जोर लावून अडवतं. ५ मायक्रॉनच्या भोकातून बुडबुडा निघायला सुमारे ०.६ किलो दाब लागतो, म्हणजे ठिबकच्या गेजवरचा, चौरस सेंटिमीटरमागे मोजलेला किलो. १० मायक्रॉनला त्याच्या निम्मा. आता ०.३ किलोवरच एखादा बुडबुडा वर आला, तर समजायचं की कुठेतरी दोन खांबांमधली भिंत फाटून जोडभोक झालंय. बुडबुडा कुठून आला तेही दिसतं. ०.६ च्या बराच वर गेल्यावरही काहीच आलं नाही तर भोकं बंद आहेत, फ्लॅशकडे परत जा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पातळपणासाठी. आरपार सरळ भोकांच्या पडद्यातून पाणी किती सहज जातं याचा अंदाज सहसा येत नाही. ५ मायक्रॉन भोकांचा, १० मायक्रॉन जाडीचा, वीस टक्के उघडा पडदा घेतला आणि वर फक्त १० सेंटिमीटर पाणी उभं केलं, तर कागदावरच्या हिशेबाने एका चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला साधारण एक मिलिलिटर पाणी उतरतं. पंप नको, काही नको. पडदा १०० मायक्रॉनचा केला तर तेच साधारण आठ पटीने कमी. आणि भोकाचा व्यास निम्मा केला तर लांब भोकात एका भोकातला प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. भोक बारीक करण्याची शिक्षा मोठी असते, ती पातळपणाने भरून काढायची. अर्थात पातळ पडदा स्वतःचा भार पेलत नाही. म्हणून एकाच साच्यात दोन उंचींचं काम करतात: बारीक भोकांचे चौकोन, आणि त्यांच्याभोवती जाड बरगड्यांची चौकट.

हे पडदे कुठे वापरले गेले याचं गाजलेलं उदाहरण २०१० मधलं. हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) नावाच्या संशोधन संस्थेत डॅन ह्यू, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी चिपवरचं फुप्फुस बनवलं. मधे १० मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र पीडीएमएसचा पडदा, एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. बाजूच्या पोकळ्यांत व्हॅक्यूम देऊन पडदा श्वासासारखा ताणायचा. पडदा लवचीक, पातळ आणि सच्छिद्र तिन्ही हवा होता, त्यामुळे रबरी पडदाच लागणार हे ओघानेच आलं.

आपल्या जवळचं उदाहरण नंदुरबारच्या सातपुड्यातलं. तिथल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. देशपातळीवर त्यासाठी २०२३ मध्ये मोहीम सुरू झाली. निरोगी तांबडी पेशी आठ मायक्रॉनची असूनही ५ मायक्रॉनच्या भोकातून अंग चोरून निघून जाते. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन कमी झाला की पेशीतलं हिमोग्लोबिन आत काड्यांसारखं जुळतं, पेशी ताठ होते आणि अडते. शरीरातल्या केशवाहिन्यांत नेमकं हेच होतं, दुखण्याचा झटका त्यातूनच येतो. म्हणून पेशी किती लवचीक आहे हे मोजायला संशोधकांनी पूर्वीपासून आयनवाले पॉलिकार्बोनेटचे पडदे वापरले. जोडभोकांमुळे तिथे आकडे फसायचे. साच्यातल्या पडद्यात प्रत्येक भोक सारखं असल्याने मोजमाप जास्त भरवशाचं होऊ शकतं. निदान मात्र यावर होत नाही. दवाखान्यात होते ती सोल्युबिलिटी चाचणी आणि नंतर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, आणि तीच करून घ्यायची.

मग घरच्या पाण्याला हे का नाही? कुणी ‘मायक्रो मोल्ड मेंब्रेन’ म्हणून पाण्याचं यंत्र विकायला आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. आपल्या बोअरच्या पाण्याची तक्रार क्षारांची. विरघळलेला क्षार ५ मायक्रॉनच्या भोकातून बिनदिक्कत जातो, त्याला आरओचाच पडदा लागतो आणि त्यातल्या वाटा नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतात. गाळासाठी म्हणावं तर पाच मायक्रॉनची दोऱ्याची कॅन्डल स्वस्तात मिळते. ती जाड असते, गाळ पोटात साठवते. साच्यातला पडदा सगळा गाळ तोंडावरच धरतो, आणि तिथे तीच ड्रिपरची कमान उभी राहते: तीन मायक्रॉनचे कण पाच मायक्रॉनच्या भोकाशी गर्दी करतात आणि बघता बघता वाट बंद. उलटं पाणी मारून किंवा पडद्याला समांतर प्रवाह ठेवून तो साफ राखता येतो, पण एवढ्या नाजूक पडद्याचं ते चोचले पुरवणं चमचाभर रक्ताच्या नमुन्यासाठी परवडतं, टाकीभर पाण्यासाठी नाही.

मोठ्या प्रमाणावर करायचं तर चकतीचा साचा सोडून रुळावर यावं लागेल. रुळाच्या अंगावरच खांब, एका बाजूने पॉलिमर चढतो, दुसऱ्या बाजूने पडदा सुटून गुंडाळला जातो. रूळ वापरून प्लॅस्टिकवर बारीक नक्षी उठवण्याचं काम जगात होतं, पण नक्षीला आरपार जावं लागत नाही. मीटरमागून मीटर पडदा निघत असताना एकही भोक बुजू नये आणि एकही भिंत फाटू नये, हे साधणं अजून अवघड आहे, आणि त्यात पुन्हा कारागिराने सांगितलेली फ्लॅशच आडवी येते.